आई अंथरुणावर आहे आणि दिवसभर घरात मीच. अंग पुसणं, कूस बदलणं, न्हाणीघर – कसं जमवावं?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. आईला गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. वय 74. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजतं मात्र सगळं. मान हलवून हो-नाही सांगते, डावा हात चांगला चालतो. दवाखान्यातून सोडताना गोळ्यांचा कागद दिला, फिजिओचा नंबर दिला आणि "स्वच्छता ठेवा, कूस बदलत राहा" असं सांगितलं. ते घरी नेमकं कसं करायचं, हे विचारायला समोर कोणीच नव्हतं.

बायको शाळेत शिक्षिका, सकाळी सातच्या आत बाहेर पडते. बहीण नगरला. माझं झेरॉक्सचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, म्हणून दिवसा सगळं माझ्याकडे. एक मावशी यायच्या, त्यांनी काम सोडलं. मला आईचं करायला लाज वाटत नाही, पण तिला वाटते. मी पंचा घेऊन गेलो की डाव्या हाताने गाऊन घट्ट धरून ठेवते आणि तोंड भिंतीकडे करते. मग तोंड, हात, पाय पुसतो आणि बाकीचं बायको आल्यावर.

माकडहाडापाशी कालपासून लालसर दिसतंय. डायपर चोवीस तास असतो. चहा पिताना ठसका लागतो. घर जुनं आहे, न्हाणीघर मागच्या पडवीत, एक पायरी खाली, शहाबादी फरशी, आत गॅस गिझर. फिजिओ म्हणतात की लवकरच आधाराने उभं करू, तेव्हा तिला तिथे न्यायचं आहे. जे जमेल ते सांगा.

सईची_आजी

आमच्या ह्यांनी दोन वर्षं अंथरुणावर काढली. रोज पाठीला स्पिरिट चोळायचं, वर पावडर टाकायची, आणि माकडहाडाखाली रबरी हवेची रिंग ठेवायची. दवाखान्यात तेव्हा तसंच शिकवलं होतं. लालसर जागेवर जरा जोर देऊन मालिश करा, रक्त खेळतं होईल. आईंना लवकर आराम पडो.

जुनी_सिस्टर (सोलापूर)

सईच्या आजी, तुम्ही केलंत ते त्या काळाला धरूनच केलंत. आम्हीही वॉर्डात स्पिरिट-पावडरची ट्रॉली घेऊनच फिरायचो. आता मात्र हे सगळं बंद झालं आहे आणि कारणं साधी आहेत. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. पावडर घामाबरोबर गोळा होऊन घडीत अडकते आणि खरखरते. रिंगमुळे मधला भाग लोंबतो आणि कडेने रक्त दाबलं जातं, म्हणजे जिथे रक्त पोचायला हवं तिथेच ते अडतं. आणि लाल झालेल्या हाडावर मालिश तर अजिबात नाही. आतला मांसल भाग आधीच दुखावलेला असतो, चोळून आणखी फाटतो.

कृष्णाकाठ दादा, आधी ती लाल जागा. बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढुरकी होऊन परत लाल झाली तर वेळ हातात आहे. दाबूनही रंग तसाच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. कातडी सावळी असेल तर लाली नीट कळत नाही, म्हणून हाताच्या उलट्या बाजूने आजूबाजूशी ताडून बघा. गरम लागते का, टणक लागते का, जांभळट काळपट झाली आहे का. काहीही असलं तरी त्या जागेवर आता वजन द्यायचं नाही. आई डाव्या कुशीवर, मग थोडा वेळ उजव्या, परत डाव्या. उताणं झोपवायचं नाही, खाण्यापिण्यापुरतं तेवढं पाठ सरळ करून बसवायचं.

कूस म्हणजे पूर्ण आडवी नव्हे. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवीन जखम होते. पाठीमागे उशी लावून जेमतेम तीस अंश कलतं करा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली लांबीला एक उशी, अशी की टाच गादीला टेकणारच नाही. टाचेखालून तुमचा तळहात सहज गेला पाहिजे. उजव्या कुशीवर असताना उजवा खांदा अंगाखाली चिरडला जात नाही ना, तो थोडा पुढे काढला आहे ना, तेवढं बघा. त्या बाजूला दुखलेलंही त्यांना कळणार नाही.

दिवसा दर दोन तासांनी. हवेची गादी असली तरी. रात्री तुम्हालाही झोप हवी. गादी चांगली असेल आणि सकाळी कातडीवर डाग दिसत नसेल तर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येतं, पण ते आता नाही, ही लाली पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. हवेच्या गादीवर जाड गोधडी घालू नका, मेणकापडावर मेणकापड तर नाहीच. एक सुती चादर, तीही सुरकुती न पडता. लोक हजारो रुपयांची गादी आणतात आणि तिच्यावर नेहमीची कापसाची गादी टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता लाजेचं. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही फक्त तोंड-हातपाय पुसता आणि नेमकं बघायला हवं ते झाकलेलंच राहतं. अंग पुसणं हे स्वच्छतेसाठी असतं ते निम्मंच. दिवसातून एकदा सगळं अंग डोळ्यांखालून जाण्याची ती वेळ आहे. दवाखान्यात आम्ही नवीन पोरींना सांगायचो की पाणी नंतर, आधी बघ. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याचं पातं, कोपर, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू. पोटरी एकाच पायाची सुजली आहे का, गरम आहे का. लघवीला वेगळा वास, गढूळपणा. स्तनांखालची आणि जांघेची घडी ओली राहून लाल झाली आहे का. हे तुमच्या बायकोला दुपारी घाईत दिसणार नाही, तुम्हालाच दिसेल.

कसं करायचं ते सांगते. दार लावा, पंखा बंद. दुकानावर "अर्ध्या तासात येतो" अशी पाटी लावा, कोणी हाक मारणार नाही याची आईंना खात्री पटली पाहिजे. मोठी चादर गळ्यापासून पायापर्यंत पांघरा आणि गाऊन चादरीच्या आतून काढा. मग एका वेळी एकच भाग उघडा, पुसा, कोरडा करा, झाका, पुढचा भाग. पूर्ण उघडं अंग कधीच होत नाही, तुमच्याहीसमोर नाही. डोळे आधी, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला पंच्याचा वेगळा कोपरा. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय. मग पाणी बदला. मग पाठ.

गुप्तांग सगळ्यात शेवटी, वेगळ्या पंच्याने, आणि ते काम त्यांच्या डाव्या हाताला द्या. ओला पंचा पिळून हातात ठेवा, गुडघे वर घेऊन द्या, चादर वर असू द्या आणि तोंड फिरवून उभे राहा. जेवढं जमेल तेवढं त्या करतील. राहिलेलं तुम्ही चादरीखालून करा, पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही. तिथे साबण आतपर्यंत नको, कोमट पाणी पुरतं. एकदा का कळलं की आपल्या हातात काहीतरी आहे, की गाऊन धरून ठेवणं कमी होईल. करण्याआधी प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगा: "आई, आता पाठ पुसतो." बोलता येत नाही म्हणून त्यांच्याशी कोणी बोलतच नाही, असं होऊ देऊ नका.

पाणी कोमट, स्वतःच्या कोपराला लावून बघायचं. त्यांच्या उजव्या हातापायाला विचारून काही उपयोग नाही, तिथे चटका कळत नसेल. गरम पाण्याची पिशवी तर उजव्या बाजूला ठेवूच नका. थंडीत मुलं प्रेमाने ठेवतात आणि सकाळी फोड दिसतात. पंचे म्हणाल तर जुन्या सुती साडीचे तुकडे विकतच्या टॉवेलपेक्षा चांगले. रोज साबण लावायची गरज नाही, काखा आणि जांघा सोडल्या तर. पुसल्यावर टिपायचं, घासायचं नाही, आणि थोडं खोबरेल तेल चोपडायचं. तेही लाल जागा सोडून.

उजवी मूठ बघितली का? वळलेली असेल तर आत घाम साठतो, वास येतो, नखं तळव्यात रुततात. बोटं ओढून उघडू नका. आधी मनगट हळूच खाली वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग पुसा, कोरडं करा, नखं कापा आणि मऊ कापडाची सुरळी धरायला द्या.

डायपरचं रात्री लिहिते, आत्ता नात उठली.

फिजिओताई (पुणे)

सिस्टरांशी पूर्ण सहमत. माझ्याकडून थोडंसंच.

उठवताना उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, ओढला की सांध्यातून सरकतो आणि मग तो दुखरा खांदा पुढचा सगळा व्यायाम अडवतो. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल अशी आडवी दुहेरी चादर अंगाखाली कायम ठेवा. वर सरकवायचं झालं की दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून उचलून सरकवा. घसटत नेलं तर माकडहाडाची कातडी सोलते. तुमच्याही कमरेचं बघा: गुडघे वाका, पाठ नको. साधा पलंग असेल तर शक्य झाल्यास फाउलर कॉट भाड्याने आणा. डोक्याची बाजू वर होते, निम्मं काम हलकं.

कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. बाकी कोणतं वाक्य विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

चहाचा ठसका दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट करतात. तोपर्यंत पाठ सरळ करून बसवूनच, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, घास तोंडाच्या डाव्या बाजूला. एक घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि उजव्या गालात अन्न राहिलं आहे का ते बघा, त्यांना ते जाणवत नाही.

जुनी_सिस्टर (सोलापूर)

तोंडाचं ताईंनी काढलंच म्हणून सांगते. ज्याला ठसका लागतो त्याचं तोंड तर जास्तच स्वच्छ हवं. तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात जाते. दिवसातून दोनदा तरी मऊ ब्रश, अगदी थोडी पेस्ट, डोकं एका कुशीला, गालाखाली वाटी. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात. दातांच्या मध्ये तुमचं बोट घालू नका.

आता डायपर. दादा, तुम्हीच लिहिलंत की आईंना सगळं समजतं, मान हलवून सांगतात. मग चोवीस तास डायपर कशाला? लघवी लागलेली ज्याला कळते त्याला डायपर बांधून ठेवलं की काही आठवड्यांत तो सांगायचंच सोडतो. दर दोन-तीन तासांनी, म्हणजे कूस बदलायच्या वेळीच, बेडपॅन विचारा. सकाळी चहानंतर शौचाला. बसवता यायला लागलं की पलंगाशेजारी कमोड खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. ती आईंच्या डाव्या बाजूला ठेवा, चांगल्या पायावर भार घेऊन वळतील. दिवसा नुसता अंडरपॅड, म्हणजे अंगाखाली अंथरायचा ओल शोषणारा पॅड, डायपर रात्रीपुरता. आणि रात्रीचाही, शौच झाली की लगेच, लघवीचा असला तरी सकाळपर्यंत ताटकळत ठेवायचा नाही. काढल्यावर पाण्याने पुसून, पूर्ण कोरडं करून, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. लघवीने भिजलेली कातडी आणि त्यावर वजन, बेडसोरला एवढं पुरतं.

रात्री लघवी नको म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडू नका. बायका हे फार करतात, स्वतः आजारी असल्या तरी आणि दुसऱ्याचं करत असल्या तरी. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही. प्यायचं ते गिळण्याची तपासणी झाल्यावर सांगतील त्या पद्धतीने.

वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या. सफाईवाल्या बाईंना ते हाताने उचलावं लागतं. घनकचऱ्याच्या नियमांतही ते वेगळं गुंडाळूनच द्यायला सांगितलं आहे, पुण्यात त्यावर लाल ठिपका करतात.

गाऊनवर आई नाराज असतील असं मला वाटतं. जन्मभर साडी नेसलेली बाई. पाहुणे यायच्या वेळी अंगावर त्यांचीच एखादी मऊ साडी दुपट्यासारखी पांघरा, केस विंचरा, वेणी डाव्या खांद्यावर पुढे घ्या म्हणजे डोक्याखाली गाठ येत नाही. कुंकू लावत असतील तर लावा. यात वैद्यकीय काही नाही, पण करा.

खटपट्या (पिंपरी)

मी कारखान्यातला फिटर, आता निवृत्त. वडिलांसाठी आणि मग सोसायटीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांसाठी न्हाणीघरं दुरुस्त केली. औषधातलं कळत नाही, भिंतीतलं कळतं.

सगळ्यात आधी गॅस गिझर. आत असेल तर तो बाहेर काढा, आई आंघोळीला जायच्या आधी काढा, सिलिंडरसकट. बंद न्हाणीत त्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, माणूस चक्कर येऊन पडतो आणि पुन्हा उठत नाही. धडधाकट माणसं गेली आहेत. पडवी उघडी आहे ना? मग तिथे बाहेर लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणा. नाहीतर चुलीवर, शेगडीवर पाणी तापवून बादलीत, ते केव्हाही बरं. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम.

दुसरं, कडी. आतली कडी काढून टाका. बाहेरून उघडता येईल असा खटका लावा. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडेल असं करा. आत पडलेल्या माणसाने दार अडवलं की तुम्ही बाहेर नुसते उभे.

धरायचे दांडे स्टेनलेस स्टीलचे, सव्वा ते दीड इंच जाडीचे, जमिनीपासून साधारण 33 ते 36 इंचांवर. आईंच्या डाव्या हाताला येईल त्या भिंतीवर. जाताना डावी भिंत येताना उजवी होते हे लक्षात घ्या, म्हणजे दोन दांडे लागतील. टॉवेलचा दांडा, नळ, वॉशबेसिन यांना धरू द्यायचं नाही, ते माणसाच्या वजनासाठी नसतात. भिंत कशाची आहे? जुन्या घरात मातीची भर असलेली भिंत असेल तर रावळप्लग (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायची गुडी) धरणार नाही, आरपार बोल्ट टाकून मागून पत्र्याची पट्टी द्यावी लागेल.

शहाबादी फरशीवर ते चोषकवाले रबरी मॅट घेऊ नका. गुळगुळीत टाइलवर चिकटतात, खडबडीत दगडावर घसरतात. ब्लीचिंग पावडरने शेवाळ घासून काढा, वाळू द्या. त्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. पायरीच्या कडेला पांढरा किंवा पिवळा ऑइलपेंटचा पट्टा. पाट किंवा चौरंग नको, इतक्या खाली बसून उठणं जमणार नाही. पाठ आणि हात असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची ठेवा.

सईची_आजी

सिस्टर, स्पिरिटचं वाचून वाईट वाटलं नाही हो, नवीन कळलं. एक विचारते: रात्री आई हाक कशी मारणार? आमचे हे निदान ओरडायचे तरी.

खटपट्या (पिंपरी)

बिनतारी दारघंटी. चार-पाचशेला मिळते. बटण पलंगाच्या डाव्या कठड्याला वेलक्रोने बांधा, घंटी तुमच्या उशाशी. सेल दर महिन्याला बघत जा. पलंगापासून पडवीपर्यंतच्या वाटेत एक मंद दिवा कायम चालू, इन्व्हर्टरवर. आणि दारातलं पायपुसणं उचला, गालिचे उचला. म्हातारी माणसं दगडाला ठेचकाळत नाहीत, पायपुसण्याला ठेचकाळतात.

कृष्णाकाठ (कराड)

काय बोलू. सगळ्यांचे आभार. आज चादरीचं केलं. आईने पंचा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हाताने "बाहेर हो" अशी खूण केली. मी दाराबाहेर उभा राहिलो. मूठ उघडली, आत खरोखर नख रुतलेलं होतं.

लाल जागा दाबून बघितली. रंग जात नाही. मध्ये बारीक सोलल्यासारखं वाटतंय. त्याचा फोटो इथे टाकू का?

भिंत विटांची आहे, नऊ इंची. गिझर उद्या काढायला माणूस येतोय.

शेवटचा प्रश्न: उभं करताना पडली तर?

जुनी_सिस्टर (सोलापूर)

फोटो इथे नको. आईंचा फोटो आहे तो. डॉक्टरांना दाखवा, आणि आजच. कातडी सोलली म्हणजे दुसरी पायरी सुरू झाली. घरातलं काही लावू नका, हळद नाही, तूप नाही, आयोडीनही मनाने नाही. कोणतं ड्रेसिंग ते डॉक्टर सांगतील. साखरेचा त्रास आहे का ते लिहिलं नाहीत, असेल तर त्यांना आवर्जून सांगा. ताप आला, जखमेला वास आला, कडा काळ्या पडल्या तर उद्यावर टाकू नका. आणि खाण्यात डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, दही, असं काही रोज हवंच. नुसत्या पेजेवर कातडी भरत नाही.

पडल्या तर लगेच उचलायला धावू नका. आधी शुद्ध, मग डोकं, मग पाय. एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेरच्या बाजूला वळलाय, हलवला की कळ येते, तर खुब्याचं हाड मोडलं असेल. हलवू नका, 108 ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर त्या हसत बसल्या असल्या तरी दवाखान्यात न्या, आत रक्तस्राव उशिरा कळतो.

उभं करण्याआधी पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून दोन मिनिटं बसवा. चक्कर नाही ना, विचारा, मान हलवतील. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा, हात त्यांच्या कमरेला. पहिल्या वेळी फिजिओ समोर असतानाच.

खटपट्या (पिंपरी)

नऊ इंची वीट म्हणजे काम सोपं. दहा एमएमचे अँकर फास्टनर घ्या, ड्रिल विटेत जाऊ द्या, सांध्यातल्या चुन्यात नको. बसवल्यावर स्वतः लोंबकळून बघा, मग आईंना धरू द्या.